गेनूआप्पा आणि पांढरा डबा

गेनूआप्पा कोळपे यांना ‘झालं का?’ असं विचारलेलं खपत नसे. ते स्वतः हा प्रश्न कधी कुणाला विचारत नसत आणि दुसऱ्यानं विचारला तर उत्तर देत नसत. ऐकूच आलं नाही असा चेहरा करून हातातलं काम चालू ठेवत. डॉक्टरबाईंनी विचारला तरी तेच.

आप्पा फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दौंडमधल्या एका संस्थेनं हा दवाखाना सुरू केला होता. एक जीप आणि तिच्या मागं जोडलेला पांढरा, बंद, दोन चाकांचा ट्रेलर. आत तपासायचं टेबल, औषधांची कपाटं, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात रक्तदाब बघायचं यंत्र. गावोगाव त्याला ‘डबा’ म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. सोमवारी सकाळी दौंड सोडायचं, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या चार गावांत एकेक दिवस थांबायचं, गुरुवारी संध्याकाळी परत यायचं. डॉक्टरबाई, सिस्टर मंगल, आप्पा आणि नोंदणीच्या वहीवर मी, अशी आमची चार माणसं.

मी वडगाव रासाईची. घरी शेवंती आणि भाजीपाला. घरात पदवी मिळवलेली मी पहिलीच. बी. ए. झाले तेव्हा वडिलांनी एकच गोष्ट ठरवून टाकली होती: नोकरी आहे तोवर पुढचं शीक, नोकरी सुटली की लग्न. त्यामुळं दवाखान्याची ही नोकरी माझ्यासाठी काय होती ते वेगळं सांगायला नको. बाहेरून एम. ए. करत होते. पुस्तकं डब्यातल्या खालच्या कपाटात, सलाइनच्या बाटल्यांशेजारी असत.

पहिल्या दिवशी मी वही छातीशी धरून जीपजवळ उभी होते. पांढरी टोपी घातलेला एक उंच, वाळलेला माणूस जीपच्या मागं उकिडवा बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “शिकलीस किती?”

“बी. ए. झाले.”

“मंग बीए, हिकडं ये. ह्या साखळ्या बघ.”

जीप आणि डब्याची दांडी यांच्यामध्ये दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावलेल्या होत्या. मी वाकल्यासारखं केलं आणि म्हणाले, “बरोबर आहेत आप्पा.”

“बरोबर हायत का न्हाई ते मी ठरवीन. किती कड्या लोंबत्यात ते सांग.”

नवा पंजाबी ड्रेस धुळीत टेकवून मी बसले आणि मोजलं. एकीच्या सात, दुसरीच्या नऊ.

“मंग? दोन कड्यांनी सैल हाय. खड्ड्यात खाली घासंल, घासून घासून तुटंल.” त्यांनी ती साखळी सोडली आणि दोन कड्या वर घेऊन पुन्हा अडकवली. ती त्यांनी मुद्दाम सैल ठेवली होती, हे मला महिनाभरानं सिस्टर मंगलनं सांगितलं. नव्या माणसाला आप्पा असं एकदा बघून घेत.

डबा जोडायची त्यांची रीत ठरलेली होती आणि तीत कधी बदल होत नसे. डब्याच्या चाकांना आधी लाकडी ठोकळे. मग जीप इंच-इंच मागं. दांडीच्या टोकाचं लोखंडी कडं जीपच्या मागच्या जबड्यात आलं की वरून पिन सोडायची, आणि पिनच्या खालच्या भोकात बोटाएवढी खिळी घालायची, म्हणजे पिन उसळून वर येत नाही. मग साखळ्या छेद देऊन, म्हणजे पिन निसटलीच तर दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावी. मग दिव्यांची वायर. मग दांडीखालचा टेकू वर. ठोकळे सगळ्यांत शेवटी काढायचे. सोडताना हेच सगळं उलट, आणि ठोकळे सगळ्यांत आधी लावायचे. जड खोकी डब्याच्या पुढच्या भागात. “मागं वजन गेलं की डबा शेपूट हलवतो,” ते म्हणत. डब्यात बसून प्रवास करायची परवानगी कुणालाच नव्हती, अगदी पाऊस असला तरी.

पिन आणि खिळी ते स्वतः घालत, ड्रायव्हरच्या बाजूनं, आणि घातली की मोठ्यानं म्हणत, “पिन बसली. खिळी बसली.” बाकीचं मला विचारत. पण कसं, तर ‘दिवा लागतो का?’ असं नाही. “डाव्या दिव्याचा रंग काय?” ‘टेकू वर आहे का?’ असंही नाही. “टेकू जमिनीपासून किती वीत?” वीत घालून बघितल्याशिवाय उत्तरच देता येत नसे. दोन किलोमीटर गेलं की गाडी रस्त्याकडेला. खाली उतरून पिनवर हात, साखळीवर हात, दोन्ही चाकांच्या मधोमध हात. मला म्हणत, “डोळ्यावर जाऊ नको, हात लाव. चाक गरम हाय का गार, ते डोळ्याला कळतंय व्हय?”

चहा ते उभ्यानं पीत, पिन दिसेल अशा जागी. टपरीवाल्यानं बाक पुढं केला तर म्हणायचे, “बसून बसूनच आलोय.” शर्टाच्या वरच्या बटणाला सुतळीत ओवलेल्या दोन जादा खिळ्या असत. सिस्टर त्याला आप्पांचं मंगळसूत्र म्हणायची. गाडी चालवताना ते बोलता बोलता मध्येच थांबत, मान जराशी तिरकी करत आणि म्हणत, “औषधाच्या दुसऱ्या कपाटाचं दार उघडलंय.” थांबून बघितलं तर उघडलेलं असे. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. आप्पांनी मेंढरं राखली नाहीत, पण सीटवर घोंगडीचा तुकडा अंथरलेला असे आणि डबा ढकलायला माणसं लागली की त्यांना सूचना न देता ते जिभेनं एक लांब ‘हुर्रर्र’ काढत. माणसंही त्या आवाजावर बरोबर चालत. डॉक्टरबाई म्हणायच्या, “आप्पा, आम्हालाही तसंच हाकता का हो?” आप्पा म्हणायचे, “तुमी ऐकलंत तर.”

कवठे येमाई हे त्यांचं गाव. तिथं आम्ही एकदा पुरते अडकलो.

नेहमीच्या गल्लीत कुणीतरी घरापुढं नवा ओटा बांधला होता. आप्पांना तो वळणावर दिसला. जीप कशीबशी पुढं गेली, डबा अडला. पुढं ओटा, मागं कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो येऊन उभा, दोन्ही बाजूंना भिंती इतक्या जवळ की जीपचं एकही दार उघडेना. ऊन डोक्यावर. आम्ही चौघं जीपमध्ये, बाहेरून गाव आमच्याकडं बघतंय आणि जो तो सल्ला देतोय.

“आप्पा, मारा की जोरात! ओटा पडंल, डबा निघंल!”

“रिव्हर्स घ्या, रिव्हर्स!”

“टेम्पोवाल्याला उठवा आधी!”

टेम्पोवाला टेम्पो लावून जेवायला गेला होता. डॉक्टरबाई घामानं थबथबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आप्पा, काहीतरी करा. मला इथं गुदमरायला होतंय.”

“बाई, काय बी करायचं नसतंय तवा काय बी करू नये. टेम्पो हालू द्या.”

दीड तास आम्ही तसेच बसलो. आप्पांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. टेम्पो गेल्यावर ते मागच्या ताडपत्रीतून बाहेर निघाले, ठोकळे लावले, साखळ्या सोडल्या, खिळी काढली, पिन काढली. दहाबारा माणसांना डब्याला लावलं, स्वतः दांडी धरली, ठोकळे बाजूला करवले आणि हुर्रर्र करत डबा मागच्या मागं चौकापर्यंत नेला. भिंतीचा पोपडासुद्धा निघाला नाही.

तेवढ्यात गर्दीतून कुबड्या टेकत एक माणूस पुढं आला. चेहरा थेट आप्पांचा, पण गोल आणि हसरा. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. डबा पुन्हा जोडून झाल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, “दादा, खिळी घातली का?”

गल्ली हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो थोडा वेळ तसाच राहू दिला.

तो बबन, आप्पांचा धाकटा भाऊ. गावात त्याची पिठाची गिरणी होती. दुपारी गिरणीत बसून त्यानंच मला सगळं सांगितलं, पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवत. पूर्वी आप्पा साखर कारखान्याला ऊस वाहायचे. ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या. बबन तेव्हा तिशीचा, लग्न झालेला, भावाबरोबर फेऱ्या करायचा. एकदा चढावर मागची ट्रॉली पुन्हा जोडायची होती. आप्पा ट्रॅक्टरवर, मान मागं वळवून ओरडले, ‘बबन, खिळी घातली का रं?’

“खिळी माझ्या हातात हुती,” बबन म्हणाला. “घालणारच हुतो. पर थोरल्यानं इचारल्यावर ‘न्हाई’ कसं म्हणायचं? आमच्या घरात थोरल्यानं इचारलं का ‘व्हय’च म्हणत्यात, मग करत्यात. मी म्हणलं, ‘व्हय दादा.’ दादानं गियर टाकला. बिनखिळीची पिन उसळली. मी ट्रॉली आन् मोरीच्या कठड्याच्या मधी.”

आप्पा दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, “चूक त्येची न्हाई. माझा सवालच तसा हुता. मी इचारलंच असं, की त्यानं व्हय म्हणावं.”

“आता गप की दादा. किती वर्सं झाली,” बबन म्हणाला आणि माझ्या हातावर मूठभर गरम पीठ ठेवलं. “वास घ्या. बाजरी हाय. शहरात असं मिळायचं न्हाई.”

बबनचा पाय गेला त्या दिवसानंतर आप्पांनी ऊस वाहिला नाही, आणि ‘घातली का?’, ‘झालं का?’ असलं काही कुणाला विचारलं नाही.

आता कौसाबाईंचं सांगायला हवं. कौसाबाई आप्पांची बायको. दौंडला रेल्वे लायनीच्या अलीकडं त्यांच्या दोन खोल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मी कामाला लागून दोन वर्षं झाली असतील तेव्हा एका शुक्रवारी कौसाबाईंना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरबाईंनी जीप काढली, त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, ओळखीच्या डॉक्टरांना उठवलं आणि दोन दिवस तिथून हलल्या नाहीत. कौसाबाई वाचल्या. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सोडताना तिथल्या डॉक्टरांनी आप्पांना बजावलं होतं: रोज चालवायचं. रोज म्हणजे रोज. जेवढं परत यायचं ते पहिल्या दीड-दोन वर्षांत येईल. त्यानंतर जे राहील ते राहील.

आणि आप्पा आठवड्यातले चार दिवस डब्याबरोबर.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर त्यांनी पाण्याचा पाइप ठोकून बसवला होता, कौसाबाईंनी धरायला. फरशीवर खडूनं रेघा होत्या. मी विचारलं, “ह्या कसल्या?”

आप्पांनी पायानं दाखवलं. “ही रयवारची. मोरीपातूर आली हुती, पाइप धरून, एकटी.” मग खाटेपासून हातभर अंतरावरची रेघ. “ही शुक्रवारची.”

“म्हणजे आधीची?”

“न्हाई. नंतरची. सोमवारी मी जातो. शेजारची पारूबाई खायला घालती, धुती, लई करती बिचारी. पर तिचं वय सत्तर. कौसाला धरून उभी करायची ताकद न्हाई तिच्यात. चार दिस कौसा खाटंवर. मी आलो का परत पयल्यापासून.”

कौसाबाई खाटेवरून माझ्याकडं बघत होत्या. त्या काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. आप्पा हसले. “तुझी वेणी लई मोठी हाय म्हणती. तेल कंचं लावतीस?”

त्या दिवशी परत निघताना आप्पांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणाले, “बीए, एक अर्ज लिहून दे. नोकरी सोडायचा. बाईंना तोंडानं सांगवत न्हाई. त्या नसत्या तर कौसा नसती.”

मी अर्ज लिहिला. चांगल्या कागदावर, समास सोडून. ‘घरगुती अडचणीमुळे सेवेतून मुक्त करावे ही विनंती.’ आणि शेवटी एक वाक्य घातलं: ‘तथापि पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहण्यास मी तयार आहे.’

आप्पांनी तो मला वाचून दाखवायला लावला. शेवटच्या वाक्यावर त्यांनी विचारलं, “हे काय?”

“तसं लिहायची पद्धत असते आप्पा.”

“पद्धत असंल तर असू दे.”

पद्धत होती हे खरं. पण मी ते पद्धतीसाठी लिहिलं नव्हतं. आप्पा गेले की डबा बंद पडणार हे मला माहीत होतं. मागं एकदा ते तापानं आठवडाभर घरी होते तेव्हा संस्थेनं दुसरा ड्रायव्हर आणला होता. त्यानं डबा मागं घेताना स्टँडच्या भिंतीवर घातला. त्याच्यानंतरचा तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेला. डबा बंद म्हणजे माझी वही बंद, वही बंद म्हणजे वडगाव आणि आलेली स्थळं. हे सगळं त्या एका वाक्यात होतं. आप्पांना ते दिसलं नाही. माझ्या शिक्षणावर त्यांचा विश्वास होता.

डॉक्टरबाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, “आप्पा, व्यवस्था होईपर्यंत थांबताय ना? मग झालं. मी बघते. कौसाबाई बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या हायत,” आप्पा म्हणाले.

मी तिथंच उभी होते. दोघांमधलं कुणीही खोटं बोलत नव्हतं, असं त्या वेळी मी मनाला समजावलं. बाईंनी आपुलकीनं विचारलं होतं, आप्पांनी आदरानं उत्तर दिलं होतं. बाई वाईट नव्हत्या. तीनशे-चारशे माणसं आठवड्याला त्यांच्याकडून औषध नेत. त्यांच्या डोळ्यांपुढं ती माणसं होती.

असे तीन अर्ज मी दीड वर्षात लिहिले. तिन्हींच्या शेवटी तेच वाक्य. तिन्ही वेळा आप्पा तो कागद घडी करून टोपीच्या काठात खोचून आत गेले आणि बाहेर येऊन जीपचं पाणी बघू लागले. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, “आप्पा, तुम्ही तोंडानं का नाही सांगत?” ते म्हणाले, “बाईंनी इचारलं का माझं तोंड आपोआप व्हय म्हणतंय गं. बबनला मी काय बोलणार.”

एका सोमवारी ते जीपमध्ये बसले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रविवारी ते पाणी आणायला गेले असताना कौसाबाई एकट्याच उठायला गेल्या आणि पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्या घाबरल्या. आता पाइपला हात लावायला तयार नव्हत्या. हे त्यांनी मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

गुरुवारी आम्ही इनामगावला होतो. घोड नदीच्या काठचं ते गाव, तिथलं काम आटोपलं, दुपारचे चार वाजले होते. परतायचं होतं. आप्पा जीपच्या मागं बसले. मग उठले. म्हणाले, “पिन बसली. खिळी बसली. बीए, साखळ्या बघ. किती लोंबत्यात?”

मी वाकले. कड्या मोजल्या. मोजता मोजता नजर पिनवर गेली. खिळी हरवू नये म्हणून पिनला बांधलेली सुतळी होती, तिला ती नुसती लोंबत होती. पिनचं भोक रिकामं होतं.

मला अजून आठवतं, मी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. डॉक्टरबाई एका म्हातारीला गोळ्या कशा घ्यायच्या ते तिसऱ्यांदा सांगत होत्या. मी हात घातला, खिळी भोकात सरकवली आणि म्हणाले, “सात आणि सात, आप्पा.”

दोन किलोमीटर झाले. गाडी थांबली. आप्पा मागं गेले. मीही गेले. त्यांनी पिनवर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. खिळी उलट्या बाजूनं आत गेलेली होती. मी ज्या बाजूला होते त्या बाजूनं.

“ही कुणी घातली?”

मी साखळीच्या कड्या बघू लागले.

“बीए, मी इचारतोय.”

“मी.”

“म्हंजी ऱ्हायली हुती.”

“लोंबत होती.”

“आन् मला बोलली न्हाईस.”

“नाही.”

आप्पा रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसले. टोपी काढली. त्यांना मी बिनटोपीचं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. केस सगळे पांढरे होते.

“का न्हाई बोललीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आनखी?”

त्यांच्यासमोर खोटं बोलायची सवय मला त्यांनीच ठेवली नव्हती. मी म्हणाले, “बाईंना कळलं तर तुम्हाला काढतील. डबा बंद पडेल. मला घरी जावं लागेल.” आणि मग रडत रडत ते अर्जातलं वाक्यही सांगितलं. ते कसं लिहिलं आणि का लिहिलं ते.

आप्पांनी ऐकलं. मग म्हणाले, “तुला घरी जायचं न्हाई म्हणून तू मला अडकवलंस. आन् मला घरी जायचंय, ते मला कुणाला सांगता येईना. दोघांत शाणं कोण म्हणायचं?” आणि ते खरंच हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरबाई खाली उतरून आल्या. “काय झालं? पंक्चर का?”

आप्पा उभे राहिले. टोपी हातातच होती. “बाई, आज खिळी ऱ्हायली. मी बसली म्हणलो आन् ती लोंबत हुती. सुरेखानं घातली म्हणून आपण हितं उभं हाय.”

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

“अहो, होतं एखाद्या वेळी. दमला असाल. दोन दिवस रजा घ्या.”

“एकदा माझ्या भावाचा पाय गेलाय बाई. दुसऱ्यांदा कुणाचा जायची वाट बघायची न्हाई. मी डबा परत जोडायचा न्हाई.”

“आप्पा, तुम्हीच असं म्हणालात तर...”

“बाई, कौसाबाई बऱ्या नाहीत,” मी म्हणाले.

बाई माझ्याकडं वळल्या. मी सगळं सांगितलं. खडूच्या रेघा, पारूबाई, रविवारचं पडणं, पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेली मुदत. बोलताना माझी वही हातातून खाली पडली तरी मी उचलली नाही. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, “झटका येऊन किती महिने झाले?”

“एकोणीस,” आप्पा म्हणाले. त्यांना मोजावं लागलं नाही.

बाई डब्याच्या पायरीवर बसल्या. एवढी मोठी बाई, पदर सावरायचंही भान नव्हतं. “मी दर आठवड्याला विचारत होते आप्पा.”

“इचारत हुता. मी बरी म्हणत हुतो. तुमची काय चूक?”

“डॉक्टर मी आहे,” बाई म्हणाल्या. “नाडी न बघता ‘बरी आहे’ हे मी कुठल्या पेशंटचं ऐकून घेते? तुमचं ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं.”

एक उसाची गाडी गेली, धूळ उडाली, बसली. आप्पांनी खिळी काढली, आपल्या बाजूनं परत घातली, मला जवळ बोलावून दाखवली आणि आम्ही निघालो. त्या दिवशी ते दर दोन किलोमीटरला थांबले. दौंडला पोचायला अंधारून आलं. संस्थेच्या आवारात त्यांनी डबा उभा केला, ठोकळे लावले, मग टेकू, वायर, साखळ्या, खिळी, पिन. जीपची किल्ली बाईंच्या हातात दिली. बाईंनी वाकून त्यांना नमस्कार केला तेव्हा ते एवढे घाबरले की मागं सरता सरता टेकूला धडकले.

डबा पुढं तसाच आवारात उभा राहिला. काही महिने आम्ही नुसती जीप घेऊन फिरलो, पण औषधं मावत नसत आणि तपासायला जागा नसे. वर्षाच्या आत संस्थेनं ते काम थांबवलं. मी वडगावला परत आले. स्थळं आली, मी दोन वेळा नटून चहा घेऊन बाहेर गेले. एके दिवशी डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या, वडिलांशी तासभर बोलल्या, आणि मी बी. एड.ला गेले. त्या काय बोलल्या ते वडिलांनी मला कधी सांगितलं नाही. आज मी एका शाळेत शिकवते. जे शिकले त्यातलं किती पुस्तकातलं आणि किती त्या धुळीत उकिडवं बसून शिकले, याचा हिशेब मी लावत नाही. आप्पांच्या घरी मात्र मी गेले नाही. तोंड नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एस.टी.च्या खिडकीतून. बी. एड.च्या सुट्टीत मी घरी येत होते. दौंडच्या बाजारपेठेत गाडी अडकली होती. आठवडे बाजार, हातगाड्या, पुढं एक ट्रक आडवा लागलेला. ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला होता. खिडकीतून मला भाजीच्या ढिगांमधून येणारा एक उंच माणूस दिसला. तो पाठमोरा चालत होता. त्याच्या दोन्ही हातांत एका बाईचे दोन्ही हात होते आणि ती त्याच्याकडं तोंड करून पावलं टाकत होती. उजवा पाय थोडा फरफटत होता. चारचार पावलांनी ती थांबे, तोही थांबे. तिनं मेथीची एक जुडी हनुवटीनं दाखवली, तो नाही म्हणाला असावा, कारण ती चिडून काहीतरी बोलली आणि भाजीवाली हसली. मागून येणाऱ्या लोकांना त्याची पाठ लागत होती, लोक बाजूला होत होते, कुणी रागावत होतं. त्यानं एकदाही मागं बघितलं नाही. त्याची नजर तिच्या पायांवर होती.

दोन वर्षं तेव्हा केव्हाच उलटून गेली होती. अजून किती परत येणार होतं, की एवढंच, मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसावं.

मी खिडकीची काच वर केली. हाक ओठांवर आली होती, ‘आप्पा’ एवढंच म्हणायचं होतं. पण हाक ऐकून त्यांनी मान वर केली असती, आणि कौसाबाई पुढचं पाऊल उचलत होत्या. मी थांबले. तेवढ्यात ट्रक निघाला, आमची गाडी सुटली.